संजीवके आणि झाडाची रोगप्रतिकारशक्ती : डाळिंबावरील तेल्याच्या निमित्ताने

संजीवके हा शब्द आपल्याला नवा नाही. द्राक्षाचे मणी फुगविण्यासाठी जिबरेलिक आम्ल, फळगळ थांबविण्यासाठी एन.ए.ए., डाळिंबाची पानगळ करण्यासाठी इथ्रेल ही नावे आज बागायतदाराच्या तोंडी असतात. संजीवके म्हणजे वाढीची, फुलांची आणि फळांची औषधे असा आपला समज असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. झाड आपल्या अंगात जी संजीवके तयार करते, त्यांतील काही रोगजंतूंशी होणाऱ्या लढाईची सूत्रे हलवितात. ही बाजू माहीत नसल्यामुळे बागेत चुका होतात आणि पैसाही वाया जातो.

मागे एकदा सांगोला भागात डाळिंबाच्या बागेत जाण्याचा योग आला. मृग बहाराची बाग होती. पावसाची झड नुकतीच उघडली होती आणि पानांवर, फळांवर तेलकट डाग दिसू लागले होते. बागायतदारांनी पंपघरातील बाटल्यांची रांग दाखविली आणि विचारले, "सर, हे मारलं की झाड स्वतःच रोगाशी लढतं म्हणतात. आठवड्यात दोनदा मारलं. मग डाग का थांबंनात?" त्या बाटल्यांपैकी एकीत सॅलिसिलिक आम्ल होते. औषध खोटे नव्हते, पण त्याची वेळ टळून गेली होती. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर झाड जिवाणूशी कसे लढते, हे मुळापासून पाहावे लागेल.

तेल्या रोगाचा शत्रू कोण?

तेल्या म्हणजे जिवाणूजन्य करपा. झॅन्थोमोनास ॲक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी या जिवाणूमुळे तो होतो. नव्या वर्गीकरणात या जिवाणूला झॅन्थोमोनास सिट्री पॅथोव्हार प्युनिकी असेही म्हणतात. आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद १९५२ साली दिल्ली येथे झाली. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेशातील बागांचे त्याने मोठे नुकसान केले. भगवा, गणेश, आरक्ता, मृदुला यांपैकी कोणतीही जात या रोगातून पूर्णपणे सुटलेली नाही.

हा जिवाणू बुरशीप्रमाणे पानाची कातडी भेदून आत शिरू शकत नाही. त्याला उघडी वाट लागते. पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रे ही एक वाट. छाटणीच्या, गारपिटीच्या, किडीच्या किंवा काट्यांच्या घासण्याने झालेल्या जखमा ही दुसरी. पावसाच्या थेंबांबरोबर तो एका पानावरून दुसऱ्या पानावर उडतो. आत शिरल्यावर पेशींच्या मधल्या पोकळीत राहतो, तेथील पाण्यावर आणि अन्नावर वाढतो. डोळ्याला तेलकट डाग दिसतो तेव्हा आत जिवाणूंचे बिऱ्हाड थाटून काही दिवस झालेले असतात.

झाडाला पाहुणा ओळखू येतो

माणसाच्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. झाडाला रक्तही नाही आणि फिरते सैनिकही नाहीत. त्यामुळे झाडाच्या प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते आणि शेजारच्या पेशींना सावधही करावे लागते.

पेशीच्या आवरणावर काही विशिष्ट प्रथिने पहारेकऱ्यासारखी बसलेली असतात. अनेक जिवाणूंना पोहण्यासाठी शेपटीसारखा तंतू असतो. या तंतूच्या प्रथिनातील अवघ्या २२ अमिनो आम्लांच्या तुकड्यावरून झाड जिवाणूला ओळखते. तो तुकडा ओळखणारा पहारेकरी २००० साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपात सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला सोपे असल्यामुळे या विषयातील बरेचसे ज्ञान याच रोपावरून, तसेच तंबाखू, टोमॅटो आणि भात या पिकांवरून मिळाले आहे.

ओळख पटताच पेशीत धावपळ सुरू होते. पेशीभित्तिका जाड होऊ लागते, जिवाणूला घातक असे ऑक्सिजनचे तीव्र रूप तयार होते आणि संजीवकांच्या मार्फत संदेश पुढे जातो.

पहिला दरवाजा : पर्णरंध्रे आणि ॲब्सिसिक आम्ल

पाण्याचा ताण पडला की झाड पर्णरंध्रे मिटून घेते, हे आपण जाणता. हे काम ॲब्सिसिक आम्ल या संजीवकामुळे होते. हाच दरवाजा झाड जिवाणूंसाठीही बंद करते, हे २००६ साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अरॅबिडॉप्सिसच्या पानावर जिवाणू सोडल्यानंतर तास-दोन तासांत पर्णरंध्रे मिटू लागली. त्यासाठी ॲब्सिसिक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल या दोहोंची गरज असल्याचेही आढळले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दारावर ॲब्सिसिक आम्ल झाडाच्या कामी येते, पण जिवाणू एकदा आत शिरला की तेच आम्ल जास्त झाल्यास आतली लढाई कमजोर करते. म्हणून एकदा कडक ताण आणि एकदा भरपूर पाणी असे अनियमित पाणी दिलेले झाड रोगाच्या काळात दुहेरी अडचणीत सापडते.

दुसरी फळी : सॅलिसिलिक आम्ल

वाळुंजाच्या जातीच्या झाडांची साल दुखण्यावर वापरण्याची पद्धत युरोपात फार जुनी आहे. त्या सालीतील गुणकारी द्रव्यावरूनच सॅलिसिलिक आम्लाचे नाव पडले आणि त्यापासून १८९७ साली जर्मनीत ॲस्पिरीन बनविले गेले. माणसाची डोकेदुखी थांबविणारे हे द्रव्य झाडाच्या काय कामाचे, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. १९७९ साली इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानात ॲस्पिरीनचे द्रावण टोचले असता मोझॅक विषाणूचे डाग कमी पडल्याचे दिसले. १९९० साली तंबाखू आणि काकडीवरील प्रयोगांत असे आढळले की, रोगाची लागण झाली की झाड स्वतःच आपल्या अंगातील सॅलिसिलिक आम्ल वाढविते. पुढे १९९३ साली, हे आम्ल तयार होताच नष्ट करणारी तंबाखूची रोपे बनविण्यात आली. त्या रोपांची प्रतिकारशक्ती ढासळली. सॅलिसिलिक आम्ल हे झाडाच्या संरक्षणातील मुख्य संजीवक आहे, हे त्यावरून पक्के झाले.

हे आम्ल पेशीत वाढले की एन.पी.आर.१ नावाचे प्रथिन मोकळे होऊन पेशीच्या केंद्रकात शिरते आणि संरक्षक प्रथिने तयार करणारी जनुके जागी करते. विशेष म्हणजे एका पानावर लागण झाली तरी दूरची निरोगी पानेही सावध होतात. तंबाखूमध्ये हा निरोप पोहोचविण्यात मिथाइल सॅलिसिलेटचा वाटा असल्याचे दिसले आहे. गुडघेदुखीच्या मलमाला जो उग्र वास येतो तो याच द्रव्याचा. झाडाचा हा सर्वांगी सावधपणा १९६१ साली तंबाखूवरच प्रथम नीट अभ्यासला गेला. तो उभा राहायला काही दिवस लागतात आणि नंतर काही आठवडे टिकतो.

'काही दिवस लागतात' हे शब्द आपण मनात पक्के ठेवावेत. सांगोल्याच्या बागेतील प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. सॅलिसिलिक आम्ल जिवाणूला थेट मारण्यासाठी फवारावयाचे नसते. झाडाला आधीच सावध करण्यासाठी ते फवारावयाचे असते. डाग पडल्यावर ते फवारणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

तिसरे संजीवक : जॅस्मोनिक आम्ल

चमेलीच्या सुगंधी तेलातून १९६२ साली एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याच कुटुंबातील जॅस्मोनिक आम्ल झाडात जखम झाली की झपाट्याने वाढते. अळीने पान कुरतडले की हेच संजीवक झाडाला अळीविरोधी द्रव्ये तयार करावयास लावते. पेशी मारून त्यावर जगणाऱ्या अनेक बुरशींविरुद्धही ते उपयोगी पडते. या कामात इथिलीन हे संजीवक बहुधा त्याच्या जोडीला असते.

थोडक्यात, जिवंत पेशींच्या आश्रयाने वाढणाऱ्या जिवाणूंसाठी सॅलिसिलिक आम्लाची फौज आणि अळ्यांसाठी जॅस्मोनिक आम्लाची फौज, अशी विभागणी सर्वसाधारणपणे दिसते. पण झाडाजवळचे अन्न आणि शक्ती मर्यादित असते. म्हणून एक फौज कामाला लागली की दुसरी बहुधा मागे सरते. झाडाच्या दृष्टीने ही काटकसर आहे. जिवाणूंनी नेमका याच काटकसरीचा फायदा घेतला आहे.

जिवाणूची बनावट किल्ली

टोमॅटोवर ठिपके पाडणारा स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू कोरोनॅटिन नावाचे विष तयार करतो. त्याची घडण झाडाच्या जॅस्मोनिक आम्लाच्या कार्यकारी रूपाशी इतकी मिळतीजुळती असते की झाड फसते. आपल्यावर अळ्या तुटून पडल्या आहेत असे समजून ते जॅस्मोनिक आम्लाची फौज बाहेर काढते आणि सॅलिसिलिक आम्लाची फौज मागे घेते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. एवढेच नव्हे, तर २००६ सालच्या त्याच प्रयोगात मिटलेली पर्णरंध्रे तीन-चार तासांनी पुन्हा उघडली. तो दरवाजाही कोरोनॅटिननेच उघडला होता.

सर्वच जिवाणूंकडे ही किल्ली नसते. पण झाडाच्या संजीवकांत ढवळाढवळ करण्याचा डाव अनेकांना साधतो. झॅन्थोमोनास कुळातील जिवाणू सुईसारख्या नळीतून आपली प्रथिने झाडाच्या पेशीत सोडतात. टोमॅटोवरील झॅन्थोमोनासचे असे एक प्रथिन झाडाची इथिलीन निर्मिती दडपते, असे आढळले आहे. मुळांवर गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम तर आपली जनुकेच झाडाच्या पेशीत घुसवितो आणि तिच्याकडून ऑक्झिन व सायटोकायनिन ही वाढीची संजीवके बेसुमार तयार करून घेतो. गाठ फुगते ती त्यामुळे.

वाढ आणि संरक्षण : एकाच तिजोरीचा पैसा

ऑक्झिनमुळे पेशीभित्तिका सैल होऊन पेशी लांबतात आणि कोवळी फूट जोमाने वाढते. वाढ आणि संरक्षण ही दोन्ही कामे झाडाला एकाच तिजोरीतून करावी लागतात. म्हणून सॅलिसिलिक आम्ल वाढले की ऑक्झिनचा संदेश दबतो, आणि ऑक्झिनचा जोर असला की सॅलिसिलिक आम्लाचे काम मंदावते. अनेक रोगकारक जिवाणू स्वतः ऑक्झिन तयार करतात ते उगीच नव्हे.

याची दुसरी बाजूही पाहावी. अंगात सॅलिसिलिक आम्ल सतत चढेच राहील अशी रोपे प्रयोगशाळेत मिळाली आहेत. त्यांना रोग कमी लागतो, पण ती खुजी राहतात. तेव्हा 'थोडे फवारल्याने चांगले, तर जास्त फवारल्याने अधिक चांगले' हा हिशेब येथे चालत नाही.

उष्णतेचा फटका

आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची माहिती अलीकडची आहे. अरॅबिडॉप्सिसवर २०१७ आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत चढले की झाडाची सॅलिसिलिक आम्ल तयार करण्याची क्षमता खूपच घटते. याउलट त्याच तापमानात जिवाणू आपली प्रथिने पेशीत अधिक जोमाने सोडतो. २०१६ साली असेही दाखविण्यात आले की, हवेत दमटपणा जास्त असला तर पानाच्या आतील पोकळी पाण्याने भरून राहते आणि जिवाणूंना ती मानवते.

आता पावसाळ्यातील आपली बाग डोळ्यांसमोर आणा. तापमान ३० अंशांच्या आसपास, ढगाळ हवा, पानांवर ओल आणि झाडावर कोवळी फूट. तेल्या नेमका याच हवेत का भडकतो, हे ध्यानात येईल. जिवाणूला हवा अनुकूल असते, हे तर खरेच. पण त्याच वेळी झाडाची ढालही खाली आलेली असते.

यात एक आशेची बाब आहे. २०१७ सालच्या प्रयोगात सॅलिसिलिक आम्लासारखे काम करणारे द्रव्य बाहेरून आधी फवारले असता, ३० अंश तापमानातही रोपांचे संरक्षण झाले. म्हणजे वेळेवर दिलेली मदत उष्ण हवेतही फुकट जात नाही.

बागेत काय करावे?

वरील माहितीचा उपयोग पुढीलप्रमाणे करावा.

१) बहाराची निवड : ज्या भागात तेल्या दरवर्षी येतो तेथे मृग बहाराऐवजी हस्त बहार धरण्याचा विचार करावा. फळे वाढीच्या काळात पाऊस व दमटपणा कमी मिळतो.

२) जखमा सांभाळाव्यात : पर्णरंध्रे झाड मिटू शकते, पण छाटणीची ताजी जखम तासा-दोन तासांत मिटवू शकत नाही. पाऊस नसताना, कोरड्या हवेत छाटणी करावी. कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. छाटणीनंतर लगेच १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. १०० लिटर पाण्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना घ्यावा.

३) पानगळीनंतरची स्वच्छता : इथ्रेल फवारल्यावर त्यातून इथिलीन सुटते आणि पाने गळतात. हा उपाय पानगळीसाठी आहे, रोगप्रतिकारासाठी नव्हे. गळालेल्या पानांबरोबर जिवाणूही खाली पडतात. ती पाने व रोगट फळे, फांद्या गोळा करून बागेबाहेर नष्ट कराव्यात.

४) पाणी नियमित द्यावे : बहारासाठी द्यावयाचा ताण वेगळा. ताण तोडल्यानंतर मात्र ठिबकने पाणी सारखे ठेवावे. झाड वारंवार सुकू देऊ नये. पाणी पानांवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

५) नत्राचा अतिरेक टाळावा : जादा नत्रामुळे कोवळी, लुसलुशीत फूट भरमसाट येते आणि तिचा घास जिवाणूला सोपा जातो. माती परीक्षणाप्रमाणे नत्र, स्फुरद व पालाश यांचा समतोल राखावा.

६) रोगाच्या हवेत वाढीची टॉनिके टाळावीत : ढगाळ, दमट हवेत ऑक्झिन किंवा जिबरेलिक आम्ल असलेली टॉनिके केवळ शेजाऱ्याने मारली म्हणून मारू नयेत. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती विकत घेऊ नये.

७) सॅलिसिलिक आम्ल वेळेवर द्यावे : डाळिंबासाठी ०.३ ग्रॅम प्रति लिटर हे प्रमाण वापरले जाते. २०० लिटरच्या टाकीला ६० ग्रॅम पुरतात. डाग दिसण्यापूर्वी, नवी पालवी असताना सुरुवात करावी आणि सुमारे एक महिन्याच्या अंतराने फवारणी करावी. थंड पाण्यात ते सावकाश विरघळते. म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मग टाकीत ओतावे. ते आम्ल आहे आणि बोर्डो मिश्रणात चुना असतो, तेव्हा दोन्ही एकत्र मिसळू नयेत. प्रमाण वाढवू नये. प्रथम चार-सहा झाडांवर फवारून पाहावे.

८) जिवाणूंवरील थेट उपाय सोडू नयेत : सॅलिसिलिक आम्ल हे ताम्रयुक्त औषधांना पर्याय नव्हे, त्यांना जोड आहे. प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लिन यांच्या शेतीतील वापरावर बंदी घालण्याचा मसुदा केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. वारंवार वापराने जिवाणू अशा औषधांना दाद देईनासे होतात, आणि त्याचा धोका माणसांच्या व जनावरांच्या उपचारांनाही पोहोचतो. फवारणीपूर्वी कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा सोलापूर येथे २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून चालू वर्षाच्या शिफारशी विचारून घ्याव्यात.

आता त्या बागायतदारांच्या प्रश्नाकडे वळू. डाग का थांबले नाहीत? कारण फवारणी झाली तेव्हा जिवाणू आधीच आत शिरला होता. झाडाला तयारीसाठी लागणारे दिवस मिळाले नव्हते. आठवड्यात दोनदा फवारून त्या दिवसांची भरपाई होण्यासारखी नव्हती. बोलता बोलता हेही कळले की, त्याच पंधरवड्यात फळ फुगविण्यासाठी एक वाढीचे टॉनिकही मारले गेले होते. म्हणजे एका हाताने झाडाला 'लढ' म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने 'वाढ' म्हणायचे, असे झाले होते.

त्या वर्षी त्यांना रोगट फळे काढून पुरावी लागली. पुढच्या वर्षासाठी आम्ही बांधावर बसूनच वहीत तारखा लिहिल्या. छाटणी कधी, बोर्डो कधी, पालवीवरील पहिली फवारणी कधी आणि टॉनिक केव्हा बंद. त्या पानावर नव्या औषधाचे एकही नाव नव्हते. आपणही अशीच एक वही ठेवावी. झाडाची लढाई झाडालाच लढावयाची आहे. तिला वेळ मिळवून देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते डाग दिसण्याच्या आधीच करावे लागते.